चारित्र्याचा दाखला किती दिवस चालतो?

(समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरात आमच्या एका मैत्रिणीने केलेले हे भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडी काटछाट केली आहे. – संपादक मंडळ)



सकाळपासून आपण पोटगी, घरातली हिंसा, राहत्या घराचा हक्क अशा मोठ्या विषयांवर बोलतोय. जेवणानंतरच्या या सुस्तीच्या वेळी मला मात्र एका कागदावर बोलायला सांगितलंय. पोलिसांचा दाखला. कुणी त्याला चारित्र्याचा दाखला म्हणतं, कुणी वर्तणुकीचा, कुणी पी.सी.सी. म्हणतं. "तो किती दिवस चालतो ते जरा सांग," एवढंच माझ्याकडे मागितलं होतं. दोन मिनिटांत उत्तर देऊन मी खाली बसू शकले असते. पण याच प्रश्नाचं दोन मिनिटांत उत्तर देऊन मी एकदा एका बाईचं नुकसान केलंय. ते आधी सांगते.

आमच्या केंद्रात एक नर्स यायची. नवऱ्यानं सोडलेली, एक मुलगी पदरात. भाड्याच्या एका खोलीत राहायची. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिनं कॅनडाला जायचं मनावर घेतलं. कागदांची ही भलीमोठी यादी घेऊन माझ्यासमोर बसली. मी मोठ्या अनुभवीपणानं सांगितलं, "आधी पोलिसांचं काम उरकून घे. तेच अवघड असतं. बाकीचं होत राहील." तिनं ऐकलं. रजा टाकली, पासपोर्ट कार्यालयात गेली, चौकशी झाली, दाखला आला. आम्ही पेढेसुद्धा खाल्ले.

मग इंग्रजीची परीक्षा, नर्सिंगच्या शिक्षणाची तपासणी, जुन्या इस्पितळांकडून अनुभवाची पत्रं. यात दिवस जात राहिले. तिकडून अर्ज भरण्याचं निमंत्रण आलं तेव्हा हातात साठ दिवस होते, आणि पोलिसांचा दाखला आठ महिन्यांचा झाला होता. कॅनडाचा नियम असा, की आज जिथे राहता त्या देशाचा दाखला अर्ज दाखल करण्याआधीच्या सहा महिन्यांतला हवा. म्हणजे मी जो कागद सगळ्यात आधी काढायला लावला, तो सगळ्यात शेवटी काढायचा होता.

पुन्हा अर्ज, पुन्हा पाचशे रुपये, पुन्हा रजा. तेही चाललं असतं. पण तिच्या पासपोर्टवर सासरचा पत्ता आणि राहणं दुसरीकडे, त्यामुळे पुन्हा चौकशी निघाली. पहिल्या वेळी आलेला शिपाई भला होता, कागद बघून गेला. दुसऱ्या वेळचा चाळीत चार दारं ठोठावून विचारत फिरला. बाई कशी आहे? नवरा कुठे असतो? घरी कोण कोण येतं? चार दिवसांनी घरमालकीण म्हणाली, "ताई, आमच्याकडे पोलीस आलेले चालत नाहीत." दाखला मिळाला, अर्जही वेळेत गेला. पण खोली गेली. मुलीची परीक्षा तोंडावर असताना तिनं घर बदललं. माझ्यावर ती रागावली नाही. पण तिची चूक नव्हतीच, माझी होती. मी नियम वाचला नव्हता.

म्हणून आज तुम्हाला नीट सांगायचं आहे.

पहिली गोष्ट. "पोलिसांचा दाखला किती दिवस चालतो" या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. कारण हा दाखला काय सांगतो ते बघा. 'अमुक व्यक्तीविरुद्ध आमच्या दप्तरी आजपर्यंत प्रतिकूल नोंद नाही.' बस, एवढंच. उद्याबद्दल तो काही बोलत नाही, बोलू शकत नाही. तो त्या दिवसाचा फोटो आहे. फोटो जुना झाला की नाही, हे फोटो काढणारा ठरवत नाही, बघणारा ठरवतो. ज्या कार्यालयात तुम्ही तो देणार, त्या कार्यालयाचा नियम चालतो. कधी दाखल्यावरच मुदत छापलेली असते, तेव्हा ती पाळायचीच. पण छापलेली नसली म्हणजे तो कायमचा चालतो असं नाही. आणि सहा महिने छापलेत म्हणून पुढचं कार्यालय सहा महिने मान्य करेलच असंही नाही.

दुसरी गोष्ट. दाखले दोन ठिकाणांहून मिळतात आणि आपल्याकडे त्यांची सरमिसळ होते. देशातल्या कामासाठी, म्हणजे नोकरी, ठेकेदार, शाळा, संस्था यांच्यासाठी, आपलं पोलीस ठाणं किंवा आयुक्तालय चारित्र्य पडताळणीचा दाखला देतं. परदेशी नोकरीला, कायम राहायला किंवा लांब मुदतीच्या व्हिसावर जायचं असेल तर दाखला पासपोर्ट कार्यालय देतं, पोलिसांकडून अहवाल मागवून. सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही हा अर्ज करता येतो, त्यामुळे तालुक्याच्या बाईला दर वेळी शहर गाठायची गरज उरलेली नाही. नुसतं लेकीकडे फिरायला जायचं असेल, पर्यटक म्हणून, तर हा दाखला मिळतही नाही आणि लागतही नाही. एजंट लागतो म्हणून पैसे घेत असेल तर त्याला विचारा, कुठे लिहिलंय.

आता देशोदेशीचे नियम. लिहून घ्या, पण त्यांवर विसंबून राहू नका. अर्ज भरायच्या दिवशी त्या त्या सरकारचं पत्रक पुन्हा वाचा.

कॅनडाचं सांगितलं. पण त्यातही एक मेख आहे. पूर्वी ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात, तिथला दाखला तो देश शेवटचा सोडल्यानंतरचा हवा. समजा, एखादी बाई मस्कतला चार वर्षं काम करून आली. 'निघण्याआधी सगळे कागद गोळा करू' म्हणून तिनं दोन महिने आधीच तिथला दाखला काढून ठेवला. तो चालत नाही, कारण दाखल्यानंतरचे दोन महिने कोरे राहिले. उलट परत आल्यावर काढला आणि पुन्हा तिथे राहायला गेलीच नाही, तर तो जुना झाला तरी चालतो. न्यूझीलंडला अर्ज करताना दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो. ऑस्ट्रेलिया दिल्या तारखेपासून बारा महिने धरते. अमेरिकेच्या कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी दाखला दोन वर्षं चालतो. आणि जो देश सोडलात तिथे दाखल्यानंतर परत गेलाच नसाल, तर त्याला ही दोन वर्षांची मर्यादाही नाही. तिथे सोळा वर्षांपुढच्या मुलांचाही दाखला मागतात, कॅनडात अठरापुढच्यांचा. मुलं घेऊन जाणाऱ्या बायकांनी हे लक्षात ठेवावं. ब्रिटनमध्ये मुलांच्या किंवा म्हाताऱ्यांच्या सेवेत काम करणाऱ्यांची जी सरकारी तपासणी होते, तिच्या प्रमाणपत्राला अधिकृत मुदतच नाही. नवं कधी मागायचं ते कामावर ठेवणारा ठरवतो.

बघा, तोच दाखला, तीच बाई. एका दारी सहा महिने, दुसऱ्या दारी बारा, तिसऱ्या दारी दोन वर्षं. म्हणून बाई केंद्रात आली की चार प्रश्न विचारायचे. एक, कुठे द्यायचा आहे आणि त्यांची मुदत किती? दोन, ती मुदत कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मोजतात? दाखल्यावरच्या तारखेपासून अर्ज दाखल होईपर्यंत, की निर्णय होईपर्यंत? तीन, दाखला काढल्यानंतर ती त्या देशात राहिली आहे का? आणि चार, दाखल्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकच आहे का?

हा चौथा प्रश्न खास आपला आहे. पुरुषाला तो सहसा पडत नाही. आपल्याकडे लग्नात बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि कित्येक घरांत तांदळात अंगठीनं लिहून पहिलं नावसुद्धा बदलतात! म्हणजे शाळेच्या दाखल्यावरची सुनंदा, पासपोर्टवरची स्नेहल आणि घटस्फोटानंतर पुन्हा सुनंदा. पोलिसांच्या दप्तरात कुठल्या सुनंदाचा शोध घ्यायचा? परदेशी अर्जांमध्ये 'याआधी वापरलेली नावं' असा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका. दाखल्याचा अर्ज करतानाच सगळी नावं लिहा, राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत जोडा. नाहीतर मुदतीत असलेला दाखलाही फुकट जातो. आणि एक चांगली गोष्ट: डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम सैल झाले. विवाहाचा दाखला जोडण्याची सक्ती गेली. विभक्त किंवा घटस्फोटित बाईला नवऱ्याचं नाव देण्याचीही सक्ती राहिली नाही. खिडकीवर अजून कुणी अडवलं तर हे ठामपणे सांगा.

आता 'चारित्र्य' या शब्दाकडे येते. पुरुषाचं चारित्र्य म्हणजे त्यानं चोरी केली का, मारामारी केली का. बाईचं चारित्र्य म्हटलं की ती किती वाजता घरी येते, कोणाबरोबर येते, कुंकू लावते की नाही. दाखला एकच, पण चौकशी दोन प्रकारची. कायद्याला तिच्या दाराशी कोण येतं याच्याशी काही घेणं नाही. दप्तरी गुन्ह्याची नोंद आहे का, आणि पत्ता खरा आहे का, एवढाच सवाल आहे. म्हणूनच मुदतीचा प्रश्न हा निव्वळ कारकुनी प्रश्न नाही. दर सहा महिन्यांनी दाखला नवा करा म्हणणं म्हणजे एकट्या बाईला दर सहा महिन्यांनी चाळीसमोर उभं करणं. तिचा रोज बुडतो, भाडं भरून ठाण्यात जावं लागतं, आणि शेजारणीच्या डोळ्यांतला प्रश्न वेगळाच. चौकशीला येणाऱ्याला बाईनं चहा द्यावा, 'चहापाणी' देऊ नये. कागद दाखवावेत, संसाराची हकिकत सांगत बसू नये. शक्य असेल तर त्या दिवशी आपल्यापैकी एकीनं तिच्याजवळ बसावं. आपण नुसत्या बसलो तरी प्रश्न आपोआप सभ्य होतात, हा माझा अनुभव आहे.

परदेश राहू द्या. आपल्या बहुतेक बायका इथेच कामाला जातात. सुरक्षारक्षक म्हणून मॉलमध्ये, आया म्हणून इस्पितळात, मदतनीस म्हणून शाळेच्या गाडीवर. त्यांच्याकडे ठेकेदार दाखला मागतो. मूळ प्रत ठेवून घेतो. ठेका बदलला की नवा ठेकेदार म्हणतो, जुना चालणार नाही, नवा आण. बाई बिचारी पुन्हा रांगेत. आता ऐका. खाजगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे. त्याखालच्या २००६ च्या केंद्रीय नमुना नियमांत लिहिलं होतं, की रक्षकाच्या चारित्र्य पडताळणीचा अहवाल तीन वर्षं ग्राह्य राहील. आणि त्याच्या आधारे संस्थेनं रक्षकाला जे प्रमाणपत्र द्यायचं, ते नोकरी सुटली तरी संस्थेनं परत घ्यायचं नाही. किती साधी, किती शहाणी तरतूद! कागद कामगाराचा, ठेकेदाराचा नव्हे. आपल्या युनियनच्या मैत्रिणींनी आपल्याकडच्या नियमांची प्रत काढून हा मुद्दा पुढे रेटायला हवा. आया, मदतनीस, स्वयंपाकिणी यांनाही हेच तत्त्व का लागू नये?

शाळांचं वेगळं सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. लोक रस्त्यावर आले. त्यानंतर शाळेतल्या कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीवर शासनानं भर दिला. योग्यच आहे, आपणही ती मागणी केली होती. पण पडताळणी म्हणजे सुरक्षितता, असं समजून निश्चिंत होऊ नका. दाखल्यात येतं ते नोंदवलेलं. जे घरात दडपलं गेलं, ठाण्यातून परत पाठवलं गेलं, ते दाखल्यात कुठून येणार? आज स्वच्छ निघालेला कागद फायलीत लावून संस्थाचालक पाच वर्षं हात झटकणार असेल, तर त्या कागदाचा मुलीला काय उपयोग? तेव्हा इथे मी उलट म्हणेन: लहान मुलांच्या सहवासातल्या कामासाठी पडताळणी ठरावीक काळानं पुन्हा व्हायलाच हवी. फक्त ती संस्थेनं करून घ्यावी, स्वतःच्या खर्चानं आणि कामाच्या वेळेत. खिचडी शिजवणाऱ्या बाईच्या रोजातून नव्हे.

आता आपलं स्वतःचं. या खोलीत किती जणी मोर्चात पकडल्या गेल्यात? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त! जमावबंदी मोडली म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ आणि १३५ आपल्या ओळखीचं आहे. आपण ते अभिमानानं मिरवतो. पण आपल्या पाठीमागे उभी राहिलेली वस्तीतली वीस वर्षांची पोरगी, तिला पुढे पोलीस भरतीचा किंवा अंगणवाडीचा फॉर्म भरायचा असतो. तिथे रकाना असतो: 'आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?' ती घाबरून 'नाही' लिहिते. आणि पडताळणीत निघतं 'आहे'. मग गुन्ह्यापेक्षा लपवणं महागात पडतं.

सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या खटल्यात याबद्दल नीट सांगितलंय. माहिती खरीच द्यायला हवी. पण कुणी लपवली तरी नोकरी देणाऱ्यानं डोळे झाकून काढून टाकायचं नाही. गुन्हा कसला, वय काय, परिस्थिती काय, हे बघायचं. किरकोळ बाबीचं उदाहरण म्हणून न्यायालयानं तरुण वयात घोषणा देण्याचंच उदाहरण दिलंय! तेव्हा पोरींना सांगायचं: खरं लिहा, आणि सोबत कागद जोडा. पण रकान्यात नेमकं काय विचारलंय ते वाचा. अटक झाली का, गुन्हा नोंदला का, खटला प्रलंबित आहे का, शिक्षा झाली का, हे चार वेगळे प्रश्न आहेत. नवऱ्यानं सूड म्हणून ठाण्यात जाऊन एन.सी. दिली, म्हणजे अदखलपात्र नोंद केली, तर तेवढ्यानं आपल्यावर खटला प्रलंबित होत नाही. हे कित्येक बायकांना माहीत नसतं आणि त्या पासपोर्टचा नादच सोडतात.

खरोखर न्यायालयात खटला चालू असेल तर पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(च), इंग्रजी 'एफ'खाली, पासपोर्ट नाकारता येतो. पण २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना आहे: त्या न्यायालयाची परवानगी आणली तर तो मिळू शकतो. इथेही मुदतीचा सापळा आहे. न्यायालयानं आदेशात मुदत लिहिली नाही, तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. म्हणून वकिलांना आधीच सांगा, अर्जातच मुदत मागून घ्या.

आणि खटला संपला असेल तर? सुटका झाली, पण ठाण्याच्या दप्तरात नोंद 'प्रलंबित'च पडून आहे, असं सर्रास घडतं. निकालाची प्रमाणित प्रत काढा, ठाण्यात देऊन पोच घ्या आणि नोंद दुरुस्त करण्याचा लेखी अर्ज द्या. आंदोलनाचे गुन्हे शासनानं मागे घेतले अशी बातमी वाचून स्वस्थ बसू नका. सरकारी वकिलानं न्यायालयात अर्ज करून न्यायालयाची संमती मिळावी लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं कलम ३६० आहे. त्या आदेशाची प्रत हातात येईपर्यंत खटला मागे गेला असं धरू नका.

दाखला अडवला तर काय? २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्याखाली अधिसूचित झालेली सेवा ठरल्या दिवसांत द्यावी लागते, नाकारली तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि अपील करता येतं. कोणती सेवा किती दिवसांत, हे कार्यालयाच्या फलकावर लावायचं असतं. पहिल्यांदा तो फलक बघा. तोंडी 'उद्या या' ऐकून परत फिरू नका. अर्जाची पोच आणि तारीख घ्या. तारीख हेच आपलं हत्यार आहे.

शेवटी, आपल्या केंद्रांसाठी तीन कामं सुचवते. एक, भिंतीवर एक तक्ता लावा: कुठला दाखला, कुणाकडून, कुणाला द्यायचा, किती दिवस चालतो. आणि तक्त्याखाली तो कधी तपासला त्याची तारीख. माझ्यासारख्या आठवणीतून सल्ले देऊ नका. दोन, कागदांचा क्रम लावायला शिका. ज्याची मुदत लांब तो आधी, ज्याची मुदत तोकडी तो शेवटी. पण शेवटी म्हणजे चौकशीला लागणारे दिवस मागे मोजून. तीन, आपण मिळून एक निवेदन तयार करू या. दाखल्यावर मुदत स्पष्ट छापा. मूळ प्रत बाईच्याच हाती राहू द्या. पत्ता आणि नोंदी बदलल्या नसतील तर पुन्हा दारोदार चौकशी नको. आणि चौकशीत खाजगी आयुष्याचे प्रश्न विचारायचे नाहीत, असं लेखी परिपत्रक काढा.

ती नर्स गेली का, असं तुमच्या डोळ्यांत दिसतंय. गेली. मुलीलाही घेऊन गेली. जाण्याआधी केंद्रात आली आणि तिचा पहिला, आठ महिन्यांचा झालेला दाखला मला देऊन गेली. म्हणाली, "ताई, हा इथेच ठेवा. दुसऱ्या कुणाला तारीख दाखवायला उपयोगी पडेल." तो आमच्या टेबलाच्या काचेखाली आहे. तिचं नाव आम्ही कागदाच्या पट्टीनं झाकलंय. तारीख मात्र उघडी ठेवली आहे.